साखरेविना व्हिस्की सावर: एक पाकीट, एक बाटली आणि रविवार पेठेतला डिंक

गेल्या दिवाळीनंतरच्या रक्ततपासणीत माझी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी, ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला डॉक्टर मधुमेहाची पूर्वावस्था म्हणतात. म्हणजे पाहुणा अजून घरात शिरलेला नाही, पण उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. भात निम्मा, चहा बिनसाखरेचा आणि आंब्याच्या मोसमात संयम या तीन अटी मी मुकाट्याने मान्य केल्या. मद्याबद्दल विचारल्यावर डॉक्टरांनी आधी ‘न घेतलेले उत्तम’ असे सांगितले आणि नंतर, बहुधा माझा चेहरा पाहून, ‘घेतलीच तर आठवड्यातून एकदा, मोजून, आणि त्यात गोड काही नको’ एवढी सवलत दिली.

व्हिस्कीत कोला घालणाऱ्याला ही सवलत पाळणे सोपे आहे. कोलाऐवजी साधा सोडा घेतला की दर १०० मिलीमागे दहा ग्रॅमहून अधिक साखर टळते. टॉनिक वॉटर मात्र सोड्यासारखे दिसले तरी त्यात भरपूर साखर असते, हे पुण्यातल्या कित्येक परमिट रूममध्ये वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझी अडचण वेगळी होती. शनिवारी संध्याकाळी मी घरी एकच कॉकटेल करतो, ते म्हणजे व्हिस्की सावर, आणि त्याची बांधणीच साखरेवर उभी आहे. तेव्हा लिंबू आणि व्हिस्की तीच ठेवून साखरेच्या जागी बाजारात मिळणारे काय चालते, हे पाहण्यासाठी मी तीन महिने चार वस्तू वापरून पाहिल्या: चहात टाकायच्या गोडीच्या पुड्या, स्टीव्हियाचे थेंब, ‘शून्य साखर’ असे लिहिलेली तयार सावर मिक्सची बाटली, आणि एरिथ्रिटॉल व मंक फ्रूट यांच्या मिश्रणाचे पाकीट. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. या चारही प्रकारांत निरनिराळ्या कंपन्यांच्या मालाचे घटक जवळपास सारखेच असतात, त्यामुळे नावापेक्षा लेबलावर काय पाहायचे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आधी थोडा हिशेब मांडतो. सावर ही मद्य, आंबट आणि गोड या तीन पायांची तिवई आहे. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध बारटेंडर जेरी थॉमस याच्या १८६२ सालच्या पुस्तकात सावर या घराण्यातल्या पेयांच्या कृती सापडतात, आणि तेव्हापासून प्रमाणे थोडी इकडेतिकडे झाली असली तरी तिवई तीच आहे. माझ्या ग्लासात ६० मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक असे. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या २० मिली पाकात सुमारे १२ ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचे तीन चमचे. त्यात लिंबाच्या रसातली दीड ग्रॅम कर्बोदके मिळवली की एका ग्लासात जवळजवळ १४ ग्रॅम होतात. व्हिस्कीत स्वतःची कर्बोदके नसतात, कारण ऊर्ध्वपातनात साखर मागे राहते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो, तरीही त्या उसाची साखर बाटलीपर्यंत पोहोचत नाही.

उष्मांकांचा हिशेब मात्र इतका सुखावह नाही, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे व्हिस्कीवर सहसा ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. त्या हिशेबाने ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो आणि ग्रॅमला ७ उष्मांक धरले तर १४० उष्मांक तिथेच होतात. साखरेचे उष्मांक जेमतेम ५० असतात. म्हणजे साखर काढल्याने ग्लासातली कर्बोदके सुमारे १४ ग्रॅमवरून दोनच्या आसपास येतात, हे खरेच मोठे अंतर आहे. परंतु उष्मांक २०० वरून १५० च्या थोडे वर येतात, इतकेच. वजन उतरवण्यासाठी कोणी हे पेय करणार असेल तर त्याने ग्लासांची संख्या कमी करावी, गोडी बदलून फारसे काही हाती लागणार नाही. रक्तातल्या साखरेची चिंता असलेल्याला मात्र या खटाटोपात अर्थ आहे.

तयार बाटलीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे. कोरेगाव पार्कमधल्या एका वाणसामानाच्या महागड्या दुकानात ती मला मिळाली आणि तिच्यासाठी मी साडेतीनशे रुपये मोजले. घटकांच्या यादीत पाणी, सायट्रिक आम्ल, सुक्रॅलोज हे कृत्रिम गोडीचे द्रव्य, दाटपणा आणणारा एक पदार्थ, परिरक्षक आणि ‘निसर्गसदृश’ स्वाद होता; लिंबू चित्रात होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १०० मिलीमध्ये अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी साखर असेल तरच एखाद्या पेयाला साखरमुक्त म्हणता येते, आणि ही बाटली त्या कसोटीत बसत होती. तक्रार साखरेची नाही, आंबटपणाची आहे. नुसत्या सायट्रिक आम्लाचा आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना एकदम झोंबतो आणि तितक्याच एकदम नाहीसा होतो. ताज्या लिंबात सालीचे तेल, किंचित कडसरपणा आणि रसाचा स्वतःचा गंध असतो. तो नसला की व्हिस्की एकटी पडते. पहिल्या घोटाला मला लहानपणी एसटी स्टँडवर मिळणाऱ्या लिमलेटच्या गोळ्यांची आठवण झाली, आणि चांगल्या व्हिस्कीला असे वागवण्याची माझी इच्छा नव्हती. बाटली घरी परत येऊन उघडल्यावर दुकानदार ती परत घेणार नव्हताच, म्हणून ती सध्या फ्रिजच्या दारात आहे.

चहाच्या पुड्यांनी वेगळाच धडा शिकवला. सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असते, त्यामुळे एका चमच्याच्या गोडीसाठी ते चिमटीत येणार नाही इतके कमी लागते. पुडीत धरण्याजोगे काही असावे म्हणून त्यात भर घालतात, आणि ती भर पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा लॅक्टोज यांची, म्हणजे कर्बोदकांचीच असते. चहाच्या एका कपात ते नगण्य असते. सावरच्या एका ग्लासासाठी मला बऱ्याच पुड्या फाडाव्या लागल्या तेव्हा ती भर अचानक हिशेबात येऊ लागली. शिवाय पेय पातळ पडले, आणि गोडी घोट गिळल्यानंतरही जिभेवर रेंगाळत राहिली. पुढ्यात पुड्यांच्या फाडलेल्या कागदांचा ढीग पाहून पत्नीने विचारले, “हे औषध आहे की दारू?” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

स्टीव्हियाच्या थेंबांत भर नसते, ही त्यांची जमेची बाजू. मात्र बहुतेक थेंबांना ज्येष्ठमधासारखा एक कडसर शेवट असतो, आणि लिंबाच्या सोबतीने तो कमी न होता उठून दिसतो. इथे मला घरच्या लिंबू सरबताने मदत केली. आपण सरबतात मीठ घालतो ते केवळ उन्हाळ्यात घाम गेला म्हणून नव्हे. मिठातला सोडियम कडूपणा दाबतो आणि त्यामुळे गोडी पुढे येते. एका ग्लासाला मिठाच्या पाण्याचे चार थेंब घातल्याबरोबर स्टीव्हियाचा कडवटपणा निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटला. परदेशी बारमध्ये हल्ली खारे पाणी छोट्या बाटलीत ठेवतात आणि त्याचे मोठे कौतुक होते. आपल्या आज्या ते पितळी पातेल्यात चिमटीने करत आल्या आहेत. मीठ मी तेव्हापासून कायम ठेवले, थेंब मात्र बाजूला ठेवले, कारण मीठ घालूनही पेयाला अंग आले नव्हते.

आता पाकिटाकडे वळतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. मंक फ्रूट हे दक्षिण चीनमध्ये पिकणारे भोपळ्याच्या कुळातले फळ आहे आणि त्याच्यातली मोग्रोसाइड नावाची द्रव्ये साखरेच्या शेकडो पट गोड असतात. एरिथ्रिटॉल यीस्टच्या मदतीने आंबवून बनवतात. ते साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के गोड असते आणि ग्रॅमला जेमतेम ०.२ उष्मांक देते. पाकिटात जवळजवळ सगळे एरिथ्रिटॉल असते आणि उरलेली गोडी भरून काढण्यापुरते मंक फ्रूट. लेबलावर मात्र ‘कर्बोदके ९९ ग्रॅम’ असे छापलेले पाहून मी दुकानातच थबकलो होतो. याचे कारण असे, की रसायनशास्त्राच्या दृष्टीने एरिथ्रिटॉल कर्बोदकांतच मोजले जाते, पण शरीर त्याचा बहुतांश भाग न वापरता लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून साखरेच्या ओळीत शून्य असते आणि कर्बोदकांच्या ओळीत जवळपास शंभर. हे ठाऊक नसलेला ग्राहक एक तर घाबरून पाकीट परत ठेवतो, नाही तर कंपनी खोटे बोलते आहे असे समजतो.

पाकिटे दोन प्रकारची मिळतात. एकावर ‘साखरेइतके गोड’ असे असते आणि दुसऱ्यावर ‘साखरेच्या दुप्पट गोड’. मी आधी पहिले घेतले आणि नेहमीच्या सवयीने समान वजनाचा पाक केला. गॅसवर तो स्वच्छ दिसत होता. सकाळी फ्रिज उघडला तेव्हा बाटलीच्या तळाला दोन बोटे जाडीचा खडीसाखरेसारखा खडा जमला होता आणि वर पाणचट द्रव तरंगत होता. साखर साध्या तापमानाच्या पाण्यात तिच्या वजनाच्या निम्म्या पाण्यातही विरघळते. एरिथ्रिटॉलची विरघळण्याची क्षमता त्यामानाने बरीच कमी आहे आणि गारव्यात ती आणखी घटते. पाक पातळ केला तर तो जमत नाही, पण मग पुरेशा गोडीसाठी ४० मिली ओतावा लागतो आणि सावरचे सरबत होते. ही कोंडी दुप्पट गोड पाकिटाने सुटली. १०० ग्रॅम पूड ३०० मिली पाण्यात विरघळवली की २० मिली पाकात साधारण साडेपाच ग्रॅम पूड येते आणि गोडी ११ ग्रॅम साखरेइतकी लागते. माझ्या फ्रिजमध्ये हा पाक दोन आठवडे न जमता टिकला.

एरिथ्रिटॉलबद्दल सगळीकडे एक तक्रार ऐकू येते, की ते तोंडात पुदिन्यासारखे गार लागते. ती खरी आहे, पण सावरपुरती निरर्थक आहे. कोरडी पूड विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेते, म्हणून बर्फीत किंवा बिस्किटात तो गारवा जाणवतो. पाकात ती आधीच विरघळलेली असते, तेव्हा शोषायला काही उरत नाही. ग्लासाच्या काठाला पूड लावण्याचा मोह मात्र टाळावा. मी एकदा तो केला आणि मित्राने शांतपणे विचारले, “यात विक्सची गोळी टाकली आहेस का?”

गोडी जमली, तरी पेय ओठांना पाण्यासारखे लागत होते. सावर पिताना जी किंचित गुळगुळीत, भरीव जाणीव होते ती साखरेच्या घनतेची असते आणि वरचा फेसही तिच्या आधाराने टिकतो. बाजारातल्या एकाही पर्यायाने हे काम केले नाही, आणि कोणत्याही पाकिटावर त्याचा उल्लेखही नव्हता. उत्तर सापडले ते जुन्या पुस्तकी कृतींत. एकोणिसाव्या शतकातले बारटेंडर साध्या पाकाऐवजी अनेकदा डिंकाचा पाक वापरत. त्यात अकेशियाचा डिंक विरघळवलेला असे आणि त्याने पेयाला रेशमी अंग येई. अकेशिया म्हणजे बाभळीचे कुळ. हे वाचल्यावर मी उठून स्वयंपाकघरातला डबा उघडला.

डब्यात लाडवांचा डिंक होता आणि तो रात्रभर भिजवूनही नीट विरघळला नाही. काही खडे फुगून गाळ झाले. मग रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझी हकीकत ऐकून विचारले, “काका, लाडवाला हवाय की विरघळवायला?” विरघळवायला, असे सांगितल्यावर त्याने धावड्याचा डिंक बाजूला सारून बाभळीचा काढून दिला आणि वर बजावले, “लाडवाला दोन्ही चालतात, पाण्यात नीट विरघळायला मात्र बाभळीचाच. आणि डिंक कतीरा घेऊ नका, तो नुसता फुगतो.” व्हिस्कीसाठी हवा आहे हे मी सांगितले नाही, आणि त्यानेही खोदून विचारले नाही. पेठेतल्या दुकानदारांची ही एक सभ्यता मला नेहमी भावते.

३० ग्रॅम डिंक खलबत्त्यात कुटून ३०० मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी ढवळून मलमलच्या कापडातून गाळला, मंद आचेवर गरम करून त्यात १०० ग्रॅम पूड विरघळवली आणि चिमूटभर मीठ घातले. उकळी येऊ दिली नाही. गाळताना काडीकचरा आणि थोडी माती निघते, तेव्हा गाळण्याचा कंटाळा करू नये. अकेशियाचा डिंक हा बहुतांशी न पचणारा विद्राव्य तंतू आहे, त्यामुळे एका ग्लासातल्या दीडेक ग्रॅम डिंकाचा रक्तातल्या साखरेवर फारसा भार पडत नाही. या पाकाने केलेला पहिला ग्लास मी हातात धरून नुसता हलवला, आणि द्रव काचेला धरून सावकाश खाली उतरताना दिसला तेव्हाच मला समजले, की तीन महिन्यांची उणीव इथे भरून निघाली आहे.

लिंबाबद्दल एक दुरुस्ती सांगणे आवश्यक आहे. परदेशी कृतींत जे पिवळे लेमन असते ते आपले कागदी लिंबू नव्हे. आपले लिंबू अधिक आंबट आणि गंधाला तिखट असते, म्हणून कृतीत २५ किंवा ३० मिली लिहिले असले तरी २० मिली पुरे होते. मंडईत गाळ्यावर हाताने दाबून पातळ सालीची निवडली तर एका लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. रस तासाभराहून जास्त ठेवू नये. बाटलीतला रस वापरायचा असेल तर वरची साडेतीनशे रुपयांची बाटली काय वाईट होती?

व्हिस्कीच्या निवडीत साखर नसण्याचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. साखरेच्या सावरमध्ये साधी मळीच्या मद्यार्काची व्हिस्कीही खपून जाते. साखर तिचे दोष पोटात घालते. साखर गेल्यावर ती व्हिस्की कोरडी आणि बोचरी लागली. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. त्या लाकडातून येणारा व्हॅनिलाचा गंध नाकाला गोड वाटतो, त्यामुळे पाक पाच मिली कमी घातला तरी चालते. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राने बर्बनवरचे आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले असले, तरी मध्यमवर्गीय खिशाला ती अजून स्वस्त म्हणण्याजोगी झालेली नाही. बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन या आपल्याकडच्या सिंगल माल्टही वापरून पाहिल्या. छान लागतात, पण इतक्या चांगल्या माल्टमध्ये लिंबू पिळताना माझा हात अडखळतो. त्या नुसत्या पाण्याचे चार थेंब घालून प्याव्यात.

फेसासाठी अंड्याचा पांढरा भाग लागतो. त्यात कर्बोदके नावालाच असतात, पण कच्च्या अंड्यात जंतूंचा धोका असतो, तेव्हा अंडे ताजे आणि स्वच्छ असावे, आणि वृद्धांना किंवा गरोदर स्त्रियांना असे पेय देऊ नये. गरोदरपणात मद्याचा प्रश्नच येत नाही. शनिवारच्या बैठकीत अंडे न खाणारा एक मित्र असतो. त्याच्यासाठी मी काबुली चणे शिजवलेले पाणी आटवून वापरतो. चण्यातली प्रथिने आणि इतर द्रव्ये या पाण्यात उतरतात आणि घुसळल्यावर अंड्यासारखाच फेस धरतात. छोल्यांत सोडा आणि मसाले घालून शिजवले असतील तर ते पाणी चालत नाही, ही चूक माझ्याकडून एकदा घडली आहे. तमालपत्राच्या वासाचा सावर कोणावरही येऊ नये.

कृती अशी: फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत ६० मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, २० मिली डिंकाचा पाक आणि एका अंड्याचा अर्धा पांढरा भाग घ्यावा. आधी बर्फाशिवाय अर्धा मिनिट जोराने हलवावे, म्हणजे फेस बांधला जातो. मग बर्फ घालून बरणी हाताला बोचण्याइतकी गार होईपर्यंत पुन्हा हलवावे आणि चहाच्या गाळणीतून ग्लासात ओतावे. वर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन थेंब. ही कडवट अर्काची बाटली योहान झीगर्ट या डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी तयार केली होती आणि आज ती त्रिनिदादमध्ये बनते. तिच्यात थोडी साखर असते, पण दोन थेंबांत ती मोजण्याइतकी नसते. पुण्यात ती मोठ्या मद्यदुकानांत कधी असते, कधी नसते; नसेल तेव्हा मी लिंबाची साल ग्लासावर पिळून सोडतो.

शेवटच्या शनिवारी एकसारख्या चार ग्लासांत चार पेये ठेवून पत्नीला, मित्राला आणि त्याच्या पत्नीला क्रम न सांगता चाखायला दिली. साखरेचा मूळ सावर तिघांनीही लगेच ओळखला. त्यात मी काही लपवू शकलो नाही. डिंकाच्या पाकाचा सावर दोघांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, तर वहिनींना तो मूळ पेयापेक्षा हलका व म्हणून अधिक आवडला. डिंक नसलेल्या त्याच पाकाला ‘फिका’ असा शेरा मिळाला, जरी दोन्हींची गोडी सारखीच होती. तयार बाटलीच्या ग्लासातले दोन घोट घेऊन तो सिंकजवळ ठेवण्यात आला. मला या चाखण्यातून एक गोष्ट पक्की कळली: लोक ज्याला गोडीची उणीव म्हणतात ती पुष्कळदा दाटपणाची उणीव असते.

तब्येतीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास रक्तातल्या एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकाराच्या घटना यांचा संबंध दाखवतो. शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल बनवत असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही, पण ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी हे पाकीट रोजच्या चहात ओतण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आठवड्याला एका ग्लासातले साडेपाच ग्रॅम मला स्वतःला मान्य आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मद्य यकृताला नवी साखर तयार करण्यापासून रोखते, त्यामुळे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी असे बिनसाखरेचे पेय घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा माणसाला ‘यात साखर नाही, तू घे’ असे म्हणून ग्लास पुढे करणे हा मैत्रीचा प्रकार नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर माझ्या पाव किलोच्या पाकिटाला पाचशे रुपये पडले, म्हणजे एका ग्लासाला पाकिटाचे अकरा रुपये. साखरेच्या मानाने हे अतोनात महाग आहे, व्हिस्कीच्या मानाने काहीच नाही. दुप्पट गोड पाकिटाला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण लेबलावरच्या गोंधळासाठी आणि पाक कसा करावा याबद्दल एक ओळही न छापल्याबद्दल कापतो. पुड्यांना सावरपुरते दोन, स्टीव्हियाच्या थेंबांना अडीच, तयार बाटलीला एक, तोही झाकण घट्ट बसते म्हणून. ज्याला हा सगळा उद्योग नको आहे त्याने ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचे दुसरे कॉकटेल करावे. त्यात मुळात साखरेचा एखादाच खडा असतो, आणि त्याच्याऐवजी अर्धा चमचा डिंकाचा पाक घातला तर फरक शोधावा लागतो.

चकण्याचा विषय मात्र अनिर्णित आहे. ज्या शनिवारी पहिल्यांदा डिंकाचा सावर साधला, त्या शनिवारी ग्लासातली १२ ग्रॅम साखर वाचवल्याच्या आनंदात आम्ही चौघांनी भडंगाचा मोठा डबा संपवला होता. आता बशीत खारे शेंगदाणे, पनीर आणि काकडी असते, आणि मित्र येताना स्वतःच्या खिशातून भडंगाची पुडी आणतो.